दोन शीतगृहं, ४८ कॅमेरे: एनव्हीआर पुरेल की व्हीएमएस घ्यावं?

शीतगृहवाला | सोमवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. तासगाव भागात आमचं बेदाण्याचं कोल्ड स्टोरेज आहे, वडिलांच्या काळापासूनचं. जुन्या युनिटला १६ ॲनालॉग कॅमेरे आणि एक डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारा डबा, आहे. तिथून १२ किलोमीटरवर नवं युनिट उभं राहतंय, तिथे ३२ आयपी (नेटवर्कच्या केबलवर चालणारे) कॅमेरे बसवायचेत. दोन कोटेशनं आली आहेत. एकात ३२ चॅनलचा एनव्हीआर, म्हणजे आयपी कॅमेऱ्यांसाठीचा तसाच डबा. दुसऱ्यात सर्व्हर आणि व्हीएमएस, म्हणजे सगळे कॅमेरे एका जागी सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि किंमत पहिल्याच्या दुपटीहून जास्त.

एवढा विचार का करतोय ते सांगतो. गेल्या श्रावणात एका शेतकऱ्याच्या लॉटमध्ये घोळ झाला. पावतीवर ३१२ बॉक्स जमा, माल उचलताना भरले ३००. बॉक्स १५ किलोचा, म्हणजे १८० किलो बेदाणा गायब. संशय गेला त्या दिवशी डॉकवर, म्हणजे माल चढवायच्या फलाटावर, असलेल्या दोन हमालांवर. दोघं आमच्याकडे पंधरा वर्षं आहेत. मी तीन दिवस डीव्हीआरसमोर बसून होतो. घड्याळ ४७ मिनिटं मागे, त्यामुळे गेटपासवरच्या वेळेला भलतीच गाडी दिसायची. बॉक्सवरचा लॉट नंबर एकाही कॅमेऱ्यात वाचता येत नव्हता. शेवटी ट्रॉलीवरचे बॉक्स एकेक करून मोजले, तेव्हा कळलं की १२ बॉक्स शेजारच्या लॉटच्या गाडीत चढले होते. चित्रण १९ दिवसांपूर्वीचं होतं आणि डीव्हीआरवर २२ दिवसच राहतं. आणखी चार दिवस गेले असते तर काहीच हाती लागलं नसतं.

त्या तीन दिवसांत त्या दोघांनी दुपारचा डबा उघडला नाही. हे मला पुन्हा बघायचं नाही. तर जाणकारांनी सांगावं, काय घेऊ?

केबलवाला_कोल्हापूर | सोमवार, रात्री १०:२५

दादा, आधी दोन्ही कोटेशनं बाजूला ठेवा. तुमचा प्रश्न एकच आहे: 'अमुक लॉटचे किती बॉक्स, कधी, कोणत्या गाडीत गेले?' त्याचं उत्तर कॅमेऱ्यातच नसेल तर सॉफ्टवेअर कितीही भारी घ्या, ते देणार कुठून?

मोजमाप सांगतो. चेहरा ओळखायला चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल लागतात, हे २०१४ च्या आंतरराष्ट्रीय मानकातलं आहे. ४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे साधारण १० मीटर रुंदीच्या जागेत माणूस ओळखू येतो. पण बॉक्सवरचं अक्षर वेगळं. अक्षर २ सेंटिमीटर उंच असेल तर २५० च्या हिशेबाने त्याला मिळतात ५ पिक्सेल. वाचायला किमान १५ ते २० हवेत. म्हणजे दर मीटरला १००० पिक्सेल, आणि तुमच्या कॅमेऱ्याने फक्त अडीच मीटर रुंद जागा बघायची. डॉकच्या दाराच्या बरोबर वर, खाली बघणारा एक कॅमेरा त्यासाठीच राखून ठेवा. किंवा बॉक्सवर लॉट नंबर ४ सेंटिमीटरचा लिहा. पाच मीटर रुंदीतही वाचता येईल आणि खर्च एका मार्कर पेनचा.

दुसरं, ट्रॉली पळत असते. माणसाच्या चालीने, सेकंदाला एक मीटर धरा. शटर १/३० सेकंद असेल तर तेवढ्यात बॉक्स तीन सेंटिमीटर सरकतो आणि अख्खं अक्षर फासलं जातं. १/२५० ठेवलं तर ४ मिलिमीटर. पण मग उजेड भरपूर लागतो. डॉकवर चांगले एलईडी लावायचे पैसे आत्ताच कोटेशनमध्ये धरा.

तिसरं, थंडी. कॅमेऱ्याला ४ डिग्रीने काही होत नाही, बहुतेक उणे ३० पर्यंत चालतात. त्रास होतो तो धुक्याचा. चेंबरचं दार उघडलं की बाहेरची दमट हवा आत येते आणि काचेवर दव धरतं. म्हणून दाराजवळचा कॅमेरा बाहेर, चेंबरच्या आधीच्या खोलीत (अँटी-रूममध्ये) लावा. पफ पॅनेलमधून, म्हणजे फोम भरलेल्या भिंतीतून, केबल जिथे आत जाते तिथे तिच्या पाइपाच्या (कॉन्ड्युटच्या) आतूनसुद्धा सीलंट भरा. नुसतं बाहेरून भोक बुजवलं तर गरम हवा पाइपातून आत जाते, पाणी होतं आणि कनेक्टरमध्ये उतरतं. असे सडलेले कनेक्टर मी कितीतरी बदललेत.

सर्व्हररूम_पुणे | मंगळवार, सकाळी ८:१०

केबलवाल्यांचं बरोबर आहे. आता सॉफ्टवेअरकडे येतो. चाकणला एका कारखान्यात २१० कॅमेरे सांभाळतो, त्यावरून सांगतो.

एनव्हीआर म्हणजे तयार डबा. कॅमेरे लावा, चालू करा. एक जागा, एकाच कंपनीचे कॅमेरे, बघणारी एक-दोन माणसं असतील तर तोच घ्यावा, उगाच सर्व्हरच्या मागे लागू नये. व्हीएमएसचा उपयोग सुरू होतो तो तीन ठिकाणी. वेगवेगळ्या कंपन्यांचे कॅमेरे एकत्र चालवायचे असतील तेव्हा. दोन-चार जागा एका पडद्यावर बघायच्या असतील तेव्हा. आणि चित्रणाला धंद्यातल्या दुसऱ्या नोंदीशी जोडायचं असेल तेव्हा. तुमच्याकडे तिन्ही आहेत, आणि तिसरी सगळ्यात महत्त्वाची.

गेटपास तुम्ही संगणकावर काढत असाल. व्हीएमएसला एपीआय, म्हणजे दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडायची सोय, असेल तर गेटपास छापताक्षणी त्या नंबरची खूण, म्हणजे बुकमार्क, डॉकच्या चित्रणावर आपोआप पडते. पुढे गेटपास नंबर टाकला की ती वेळ आणि ते चार कॅमेरे एकदम समोर. तुमचे ते तीन दिवस इथे वाचतात.

आता साठवण. १ एमबीपीएसचा, म्हणजे सेकंदाला १ मेगाबिट चित्रण पाठवणारा, कॅमेरा दिवसाला १०.८ जीबी खातो. ४ एमबीपीएसचा ४३.२ जीबी. तुमचे ३२ कॅमेरे सगळे ४ वर धरले आणि ९० दिवस ठेवायचे म्हटले तर १२४ टीबी लागतील, परवडणार नाही. पण सगळं चित्रण ९० दिवस कशाला? डॉक, वजनकाटा, गेट हे ८ कॅमेरे ४ एमबीपीएसवर ९० दिवस: ३१ टीबी. उरलेले २४ एच.२६५ वर (चित्रण कमी जागेत बसवायची पद्धत), २ एमबीपीएसने, ३० दिवस: साडेपंधरा टीबी. एकूण ४७ च्या आसपास. १० टीबीच्या ८ डिस्क रेड ६ मध्ये, म्हणजे एकमेकींना सांभाळून घेतील अशा जोडणीत, टाकल्या तर दोन डिस्क गेल्या तरी माल शाबूत, आणि वापरायला विंडोजच्या मोजणीने ५४ राहतात. डिस्क सर्व्हेलन्सच्याच घ्या, डब्ल्यूडी पर्पल किंवा सीगेट स्कायहॉक. पीसीच्या साध्या डिस्क २४ तास लिहिण्यासाठी बनवलेल्या नसतात.

आणि पुरवठादाराला हे विचाराच: प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळे दिवस ठरवता येतात का? सगळ्यांना एकच आकडा लागू होत असेल तर वरचा हिशेब कोसळतो.

निपाणीकर | मंगळवार, सकाळी ११:३०

नावं पण सांगा की. आम्हालाही तंबाखूच्या गोदामासाठी बघायचंय.

सर्व्हररूम_पुणे | मंगळवार, दुपारी १:१५

सांगतो, पण नाव बघून घेऊ नका. माइलस्टोनचं एक्सप्रोटेक्ट डेन्मार्कचं. कंपनी १९९८ ची, २०१४ मध्ये कॅननने घेतली. फार मोठ्या संख्येने कॅमेऱ्यांचे प्रकार त्याला जोडता येतात. त्याची एसेन्शियल प्लस आवृत्ती ८ कॅमेऱ्यांपर्यंत फुकट आहे, निपाणीकर, तुम्ही त्यावर हात बसवून बघा. कॅनडाचं जेनेटेक दारांचं नियंत्रण, नंबरप्लेट वाचणं हे सगळं एकत्र करतं, पण ते विमानतळ आणि शहरांच्या मापाचं आहे. एनएक्स विटनेस हलकं आहे, विंडोजवर आणि लिनक्सवरही चालतं. आपल्याकडचं म्हणाल तर वडोदऱ्याचं मॅट्रिक्स आणि कोलकात्याचं व्हिडिओनेटिक्स. फोन केला की आपल्या भाषेत समजून घेणारा माणूस मिळणं हे मला फार मोलाचं वाटतं.

नावापेक्षा परवान्याचा कागद नीट वाचा. बहुतेकांचा परवाना दर कॅमेऱ्यामागे असतो. तुमचे जुने १६ ॲनालॉग कॅमेरे डीव्हीआरमार्फत जोडायचे म्हटले तरी बऱ्याच ठिकाणी दर चॅनलला परवाना लागतो. कॅमेरा जळाला आणि नवा लावला तर परवाना त्यावर कसा हलतो? वार्षिक देखभाल भरली नाही तर सॉफ्टवेअर बंद पडतं की फक्त नव्या आवृत्त्या थांबतात? हे लेखी घ्या. आमच्याकडे एकाने तोंडी सांगितलं होतं 'काही बंद पडत नाही', आणि तिसऱ्या वर्षी मोबाइलवर बघायची सोय गेली.

ऑनव्हिफवर विसंबून राहू नका. वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत म्हणून २००८ मध्ये ॲक्सिस, बॉश आणि सोनीने हे सामायिक मानक सुरू केलं. प्रोफाइल एस म्हणजे चित्र येईल, प्रोफाइल टी म्हणजे एच.२६५ वगैरे, प्रोफाइल जी म्हणजे कॅमेऱ्यातल्या कार्डावरचं चित्रणही मिळेल. नुसतं 'ऑनव्हिफ आहे' म्हणाले तर कोणतं प्रोफाइल ते विचारा.

लिनक्सवेडा | मंगळवार, रात्री ९:०५

फ्रिगेट या सॉफ्टवेअरचा विचार झाला का? मुक्त स्रोत, परवाना शून्य. माणूस, गाडी ओळखतं. माझ्या काकांच्या पोल्ट्रीवर ११ कॅमेरे त्यावर दोन वर्षं चालू आहेत.

सर्व्हररूम_पुणे | मंगळवार, रात्री ९:५०

फ्रिगेट मीही घरी वापरतो, उत्तम आहे. पण इथे शेतकऱ्याचा माल आहे, आणि रविवारी रात्री बंद पडलं तर दुरुस्त करायला तू काकांकडे आहेस. यांच्याकडे कोण? असा माणूस पगारावर असेल तर जरूर घ्यावं.

शीतगृहवाला | बुधवार, सकाळी ७:२०

केवढं लिहिलंत तुम्ही सगळ्यांनी, मनापासून आभार. लॉट नंबर मोठा लिहायचं कधी सुचलंच नव्हतं.

दोन शंका. जुन्या युनिटचं चित्रण इंटरनेटवरून नव्या सर्व्हरवर आणायचं का? आणि एनव्हीआरवाला म्हणतो, 'राउटरमध्ये पोर्ट उघडून देतो, जगात कुठूनही मोबाइलवर बघा.' हे ठीक आहे का?

नेटवर्क_नाशिक | बुधवार, सकाळी ९:४५

पोर्ट उघडू देऊ नका. अजिबात नाही. ते म्हणजे इंटरनेटवरून कोणालाही आत यायला उघडं दार.

२०१६ मध्ये मिराय नावाच्या व्हायरसने जगभरचे कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले, कारण त्यांचे पासवर्ड कंपनीतून आले तसेच ठेवलेले होते. त्यांच्याच जोरावर २१ ऑक्टोबरला साइटचे पत्ते शोधून देणाऱ्या डाइन या कंपनीवर हल्ला झाला आणि अमेरिकेतल्या मोठमोठ्या साइट काही तास बंद पडल्या. सप्टेंबर २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या बऱ्याच मॉडेलमध्ये पासवर्डशिवाय कॅमेऱ्याचा पूर्ण ताबा मिळवता येईल असा दोष उघड झाला, गांभीर्य १० पैकी ९.८. दुरुस्ती आली, पण शेतावरच्या कॅमेऱ्याचं फर्मवेअर, म्हणजे आतलं सॉफ्टवेअर, कोण बदलतं? आणि क्लाउड म्हणजे सुरक्षित असंही नाही. मार्च २०२१ मध्ये व्हेरकाडा या क्लाउड कॅमेरा कंपनीच्या एका मुख्य खात्याचा पासवर्ड बाहेर मिळाला आणि सुमारे दीड लाख कॅमेरे परक्यांना दिसले, त्यात रुग्णालयं होती, तुरुंग होते.

कॅमेरे वेगळ्या व्हीलॅनमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या वेगळ्या कप्प्यात, ठेवा, त्यांना इंटरनेट द्यायचंच नाही. बाहेरून बघायचं तर व्हीपीएन, म्हणजे इंटरनेटवरचा कुलूपबंद मार्ग. हिशेबाच्या संगणकाचं आणि कॅमेऱ्यांचं जाळं एकमेकांना दिसता कामा नये.

कॅमेरे घेताना मॉडेलनिहाय प्रमाणपत्र मागा. ९ एप्रिल २०२४ च्या अधिसूचनेने सीसीटीव्हीला सुरक्षेच्या चाचण्या सक्तीच्या झाल्या आणि ९ एप्रिल २०२५ पासून त्या लागू आहेत. एसटीक्यूसी या सरकारी चाचणी संस्थेचा अहवाल आणि बीआयएस (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी, दोन्हींवर तुमच्या कोटेशनमधला नेमका मॉडेल नंबर आहे का ते स्वतः पडताळा. जुना साठा खपवणारे लोक असतात.

पहिल्या शंकेचं: चित्रण जिथलं तिथेच साठवा, फक्त बघणं एकत्र करा. फायबर तुटली तरी रेकॉर्डिंग चालू राहिलं पाहिजे. आणि घड्याळ! सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांत कंपन्यांनी संगणकांची वेळ एनआयसी किंवा एनपीएल या सरकारी संस्थांच्या सर्व्हरशी जुळवावी असं आहे. व्हीएमएस सर्व्हर त्यांच्याशी जुळवा, कॅमेरे सर्व्हरशी जुळवा. ४७ मिनिटांचा प्रश्न एका दुपारीत संपतो.

वकील_खंडपीठ | बुधवार, रात्री १०:३०

कोणी कोर्टाबद्दल बोललं नाही म्हणून लिहिते. वाद मिटला नाही तर तुमचं चित्रण पुरावा म्हणून उभं राहायला हवं.

या विषयावरचा सर्वोच्च न्यायालयाचा सर्वात महत्त्वाचा निकाल आपल्या जालन्यातून गेलेला आहे. २०१४ ची विधानसभा निवडणूक, २९६ मतांचा फरक. उमेदवारी अर्ज दुपारी ३ नंतर घेतला गेला का, हा वाद होता, आणि पुरावा होता निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रण. सीडी मिळाल्या, पण त्यासोबतचं प्रमाणपत्र वारंवार मागूनही मिळेना. खोतकर विरुद्ध गोरंट्याल, १४ जुलै २०२० चा निकाल: इलेक्ट्रॉनिक नोंदीची प्रत दाखल करायची तर प्रमाणपत्र सक्तीचं. सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही, तरच सूट.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम ६३ लागू आहे. प्रमाणपत्राचे आता दोन भाग आहेत. भाग अ उपकरण ज्याच्या ताब्यात आहे त्याचा, भाग ब तज्ज्ञाचा, आणि दोन्हींत फाइलचं हॅश मूल्य, म्हणजे फाइल जराही बदलली की बदलणारा तिचा ओळख-आकडा, लिहावं लागतं. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना बघा: निर्यात केलेल्या फाइलचं हॅश मिळतं का? चित्रणात फेरफार झालेला नाही हे दाखवणारी डिजिटल सही आहे का? कोणत्या कर्मचाऱ्याने कधी काय बघितलं, काय काढून नेलं, याची नोंद राहते का? मोबाइलने डीव्हीआरच्या पडद्याचं शूटिंग करून आणणारे अशील मला दर महिन्याला भेटतात. फार वाईट वाटतं, कारण माणूस खरं बोलत असतो.

तासगावची_लेक | गुरुवार, सकाळी ६:५०

माझी आई वीस वर्षं बेदाण्याच्या प्रतवारीला जाते. तुमच्याकडे नाही, दुसऱ्या ठिकाणी. तिथे बायका जेवतात त्या शेडच्या कोपऱ्यात कॅमेरा लावलाय आणि मालकाच्या ऑफिसात टीव्हीवर दिवसभर चालू असतो. आई म्हणते, पदर सावरत घास खावा लागतो. तुम्ही हमालांसाठी एवढं मनाला लावून घेतलंत म्हणून लिहायचं धाडस केलं. माल जिथे हलतो तिथे खुशाल लावा. बसायची, जेवायची, कपडे बदलायची जागा सोडा.

शीतगृहवाला | गुरुवार, सकाळी ८:००

ताई, लिहिलंत ते फार बरं केलंत. आत्ताच आराखडा काढून बघितला. विश्रांतीच्या शेडकडे तोंड असलेला एक कॅमेरा कोटेशनमध्ये होता, २७ नंबरचा. काढून टाकतोय.

वकील_खंडपीठ | गुरुवार, सकाळी ९:२०

त्यांचं म्हणणं कायद्याशीही जुळतं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात नोकरीच्या कारणासाठी आणि मालकाचं नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायला जागा आहे, पण कारण तेवढंच धरून. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. कॅमेरे कुठे आणि कशासाठी आहेत, चित्रण किती दिवस राहतं, याची मराठी पाटी गेटवर आजच लावा. आवाजाचं रेकॉर्डिंग बंद ठेवा. बायकांच्या कपडे बदलायच्या जागी कॅमेरा हा सरळ गुन्हा आहे, न्याय संहितेचं कलम ७७.

शीतगृहवाला | तीन आठवड्यांनंतर, रविवार, संध्याकाळी ६:१५

मंडळी, काय झालं ते सांगायला आलोय.

आणखी एका व्हीएमएसवाल्याला बोलावलं आणि तिन्ही पुरवठादारांना एकच परीक्षा दिली. डेमो तुमच्या ऑफिसात नको, आमच्या डॉकवर, आमच्या कॅमेऱ्यावर. चार दिवस रेकॉर्डिंग चालू ठेवलं. पाचव्या दिवशी मी एक गेटपास हातात दिला आणि म्हटलं, या लॉटचे बॉक्स मोजून दाखवा, मग ते चित्रण पेनड्राइव्हवर द्या, आणि माझ्या साध्या लॅपटॉपवर चालवून दाखवा. घड्याळ लावून बसलो.

एनव्हीआरवर २६ मिनिटं लागली. मोजणी बरोबर आली, पण फाइल त्यांच्याच प्लेअरमध्ये उघडायची. पहिल्या व्हीएमएसमध्ये शोध झकास, पण प्रत्येक कॅमेऱ्याला वेगळे दिवस ठेवायची सोय त्या आवृत्तीत नव्हती, वरची आवृत्ती घ्यावी लागणार होती. दुसऱ्या व्हीएमएसला आमच्या गेटपासचं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या मुलाने दोन दिवसांत बुकमार्क जोडून दिला. नंबर टाकल्यापासून पहिला बॉक्स दिसेपर्यंत ५० सेकंद. फाइलसोबत हॅशही मिळालं. तेच घेतोय. नावं इथे लिहीत नाही, हवी असतील तर व्यक्तिगत निरोप (व्यनि) करा.

खर्चाचं म्हणाल तर सर्व्हररूमदादांच्या सल्ल्याने खूप वाचले. जुन्या युनिटचे १६ कॅमेरे सगळे जोडायचा नाद सोडला. डीव्हीआर आहे तसा ठेवला, वेळ जुळवली. फक्त डॉकचे ३ कॅमेरे आयपी केले, तिथेच एक छोटा रेकॉर्डिंग सर्व्हर, ९० दिवसांसाठी १२ टीबी पुरतात. नव्या युनिटला २७ नंबर गेल्याने ३१. म्हणजे परवाने ३४ च लागले, ४८ नाही.

केबलवाला_कोल्हापूर | रविवार, संध्याकाळी ७:००

छान झालं. यूपीएस धरलाय ना? कॉम्प्रेसर चालू होताना व्होल्टेज दबतं आणि जनरेटर यायला अर्धं मिनिट जातं, तेवढ्यात सर्व्हर बसतो. रात्री आयआर, म्हणजे अंधारात बघायचे दिवे, लागल्यावर कॅमेरे जास्त वीज ओढतात, केबलमधूनच वीज देणाऱ्या पीओई स्विचची क्षमता त्या हिशेबाने बघा, दिवसाच्या नाही. आणि १०० मीटरच्या पुढे तांब्याची केबल ओढू देऊ नका. मागच्या चेंबरला फायबर नेऊन तिथे दुसरा स्विच लावा.

शीतगृहवाला | रविवार, रात्री ८:३०

ऑनलाइन यूपीएस घेतलाय, सर्व्हर, स्विच आणि राउटर तिन्ही त्यावर. मागच्या चेंबरचं अंतर उद्या टेप लावून मोजतो.

आणि एक. श्रावणातल्या त्या दोघांपैकी थोरल्या मामांना डेमोच्या वेळी मुद्दाम शेजारी बसवलं होतं. त्यांनी स्वतः पडद्यावर बॉक्स मोजले, २४० च्या २४०. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पोचायच्या आत त्यांनी डॉकवरच्या सगळ्या पोरांच्या हातात जाड मार्कर दिले होते. आता आमच्याकडे लॉट नंबर चार बोटं उंच अक्षरात लिहिला जातो, बॉक्सच्या वरच्या बाजूला आणि पुढच्या बाजूलाही.